मोबाईल अर्धं घेत न्हाई

"ज्यानं हे पुस्तक लिहिलं त्याला आधी उसात उभं करा, अंगाला पाचट लागू द्या, आन मग हेच पुस्तक त्याच्या हातात द्या," असं मी वडवणीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलले. माझं असंच हाय. उचलली जीभ, लावली टाळ्याला. शेजारच्या खुर्चीवर पुण्याहून आलेली एक काटकुळी मॅडम बसली होती. तिनं वही मिटली आन म्हणाली, "मीच लिहिलंय ते."

अख्खा हॉल हसला. पंख्याखालचे साहेब पण हसले. मी तेवढी हसले न्हाई, कारण माझं म्हणणं काही खोटं नव्हतं.

मी बबिता. आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते. दाखले काढते, फॉर्म भरते आन लोकांचं डोकं खाते, असं लोक म्हणतात. त्याआधी नऊ हंगाम नवऱ्यासंग ऊस तोडलाय. मग त्यांची कंबर गेली, आमी गावातच थांबलो, मी बारावीचा फॉर्म भरला, टायपिंग शिकले. म्हणून मला उसाचा फड पण ठाऊक हाय आन कीबोर्ड पण. ह्या गोष्टीचा मला लई माज होता. तो कसा उतरला तेच सांगायलेय.

तर ते पुस्तक. एका संस्थेनं ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी 'मुक्काम' नावाचं ॲप काढलं होतं. गावातनं निघायच्या आधी मोबाईलवर नाव-फोटो टाकायचा, दवाखान्याचे कागद टाकायचे, की एक कार्ड तयार होतं. ते कार्ड दाखवलं की दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात पण तुमची चालू औषधं दिसतात आन गोळ्या मिळतात. काम चांगलं होतं, त्याला मी नावं ठेवत न्हाई. फक्त टोळीनं जागा बदलली की ज्याचं त्यानं 'मुक्काम बदला' हे बटण दाबायचं. आठ दिवसांत दाबलं न्हाई तर कार्ड बंद. म्हणजे मी इथं कितीबी शहाणी असले तरी तिकडं फडात माझा उपयोग शून्य. तिकडं माणूस आन ते पुस्तक, दोघंच.

आन पुस्तक बावन्न पानांचं. पहिलंच वाक्य असं: 'वापरकर्त्याने सर्वप्रथम आज्ञावलीच्या मुख्य पटलावरील प्रतिमाचिन्हावर टिचकी मारून पुढील टप्प्याकडे मार्गक्रमण करावे.' मी तीनदा वाचलं. मार्गक्रमण करावे! आता ग बया! आमची माणसं दरवर्षी तीनशे किलोमीटर मार्गक्रमण करून बेजार हायत, आता मोबाईलात पण चालायचं का?

पण मला राग यायचं खरं कारण मंजुळा. माझी चुलत बहीण, आमच्याच गावात दिलेली, मला आक्का म्हणते. तिला फिट येते. रोज दोन गोळ्या घेतल्या की काही होत न्हाई, बिनघोर राहते. गेल्या हंगामात तिकडं गोळ्या संपल्या. दवाखान्यात गेली तर म्हणाले, कागद आणा. कागद इथं पत्र्याच्या पेटीत. चौथ्या दिवशी उसातच फिट आली, हातात कोयता होता, तो तिच्याच पोटरीत गेला. अकरा टाके पडले. यंदा ती परत निघाली होती आन मला एवढंच पाहिजे होतं की तिच्या गोळ्या तिला मिळाव्यात. ते बावन्न पानांचं मार्गक्रमण तिच्यानं झालं नसतं.

मीटिंग सुटल्यावर ती मॅडम मला चहाच्या टपरीवर गाठायला आली. धनश्री तिचं नाव. मला वाटलं आता भांडती. तर म्हणाली, "मग तुम्ही लिहा."

"लिहीन की. त्यात काय लागतंय?"

"एक अट आहे. वाटायच्या आधी तपासायचं. जिला वापरायचंय तिच्या हातात कागद द्यायचा आणि आपण बाजूला बसायचं. ती अडली तरी सांगायचं नाही, खुणावायचं नाही. एक शब्द बोललात तर तपासणी बाद."

"एवढंच?" म्हणलं. घरी येईपर्यंत कळलं की ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

तीन दिवस मी तेच केलं. दाखल्याला आलेल्या लोकांना उद्या या म्हणलं. बावन्न पानांचा एक कागद केला. कागदावर आठ चित्रं, वर चार, खाली चार. प्रत्येक चित्रात मोबाईलचा फोटो आन खाली एक ओळ. 'आज्ञावली' काढून टाकली, 'ॲप' लिहिलं. 'टिचकी मारून'च्या जागी 'बोट लावा'. आन चौथ्या चित्रापाशी पुस्तकात होतं, 'स्थलांतरित होणाऱ्या व्यक्तींची संख्या नमूद करावी.' ते मी खोडलं आन लिहिलं: 'तुमचे कोयते किती ते टाका.'

आमच्याकडं ऊसतोडीला माणसं मोजत न्हाईत, कोयते मोजतात. नवराबायको मिळून एक कोयता. कोणी एकटं गेलं तर तो अर्धा कोयता. मुकादम असंच मोजतो, कारखाना असंच मोजतो, मी नऊ वर्षं असंच ऐकलंय. पुण्याच्या मॅडमला हे सात जन्मात सुचलं नसतं. लिहून झाल्यावर मीच माझ्यावर एवढी खूश झाले की सासूला वाचून दाखवलं. सासू म्हणाली, "बरं हाय." आमच्या सासूनं बरं म्हणणं म्हणजे दुसऱ्यानं हार घालणं.

तपासायचं होतं. पण टोळ्या शनिवारी निघणार होत्या आन बुधवारी वडवणीचा बाजार होता. म्हणलं, माझी भाषा माझ्या माणसांना कळत न्हाई होय? साठ झेरॉक्स काढल्या आन बाजारातच वाटल्या. भाजीच्या पिशव्यांत, दुधाच्या किटलीवर, जिथं जाईल तिथं माझा कागद. संस्थेनं मला बघायला दिलेल्या गावाच्या यादीत संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस घरांनी आपापल्या मोबाईलवर नाव टाकलेलं दिसलं. कोणाला न विचारता! मी धनश्रीला फोन लावला आन सांगितलं की उद्या तपासणीला यायचं तर ये, पण इथं तपासायला काही उरलं न्हाई.

गुरुवारी सकाळी केशरबाई आली. पन्नाशीची बाई, नवरा जाऊन सात वर्षं झाली, एकटीच टोळीत जाते. मोबाईल माझ्या टेबलावर आपटला.

"बबे, तुझा मोबाईल अर्धं घेत न्हाई."

"काय घेत न्हाई?"

"अर्धं. मी अर्धा कोयता न्हवं का? एक लिव्हलं, टिंब दिलं, रेघ मारली, सगळं करून बघितलं. निस्ता लाल व्हतंय."

मला असं हसू आलं की ठसका लागला. मी तिच्या मोबाईलात 'एक' टाकलं आन म्हणलं, "घे, केशरबाई, पुरी झालीस बघ."

"व्हय, मोबाईलात झाले," ती म्हणाली. ती हसली न्हाई. मोबाईल कमरेला खोचून निघून गेली. तेव्हाच मी डोकं चालवायला पाहिजे होतं. पण माझं डोकं त्या दिवशी हवेत होतं.

दुपारी धनश्री आली आन आमी मंजुळाच्या दारात गेलो. शेळ्या बांधलेल्या, भांडी बोचक्यात बांधून झालेली, शहादेव म्हणजे मंजुळाचा नवरा कोयत्याला धार लावत बसलेला. मंजुळाच्या एका हातात माझा कागद दिला, एका हातात मोबाईल. मी समोर बाजेवर बसले. बोलायचं न्हाई म्हणून तोंडात अख्खी सुपारी धरली. चावायची पण न्हाई, कारण चावताना माझ्या तोंडातनं शब्द निघतात.

पहिलं चित्र तिनं बघितलं, बोट लावलं, ॲप उघडलं. मी फुगले. दुसऱ्या चित्रावर जायचं तर ही बया सरळ पाचव्यावर! एकाच्या खाली पाच होतं ना. मोबाईलात काही वेगळंच, कागदावर काही वेगळंच. "आक्का, हे कावून जुळंना?" मी नुस्तं "उं" केलं. धनश्रीनं माझ्याकडं असं बघितलं की मी "उं" पण गिळलं. मंजुळानं कागद फिरवला, उलटा केला, भिंतीकडं बघितलं. भिंतीवर कॅलेंडर होतं. आपल्या कॅलेंडरात तारखा वरून खाली उतरतात, आडव्या जात न्हाईत. बाई बिचारी वर्षानुवर्षं वाचते तसंच वाचत होती, आकडा कोण बघतो? धनश्रीनं वहीत लिहून घेतलं. माझी सुपारी ह्या गालातनं त्या गालात गेली.

मग तिचं तिलाच उमगलं. दोन, तीन, सटासट. चौथं आलं. 'तुमचे कोयते किती ते टाका.' तिनं जरा पण विचार केला न्हाई. 'एक' टाकलं. मोबाईलनं एकच पान उघडलं, नाव विचारलं. तिनं टाकलं, शहादेव. "ओ, हिकडं बघा," म्हणून नवऱ्याचा फोटो काढला. शेवटी दवाखान्याचे कागद. तिनं पेटीतनं स्वतःच्या फिटच्या गोळ्यांची चिठ्ठी काढली, त्या चिठ्ठीचा फोटो काढला आन टाकला. हिरवी खूण आली. मंजुळानं मोबाईल माझ्यासमोर धरला, लहान लेकरावाणी हसली. "झालं गं आक्का! मला आलं!"

कार्डावर शहादेवचा फोटो. शहादेवचं नाव. शहादेवला फिटच्या गोळ्या, रोज दोन.

मी सुपारी थुंकली. ती शेळीला लागली.

"मंजे, तू कुठं हायस ह्यात?"

"ह्यातच की. एक कोयता."

"अगं पण तुझं नाव?"

"माझं नाव कुठं विचारलं त्यानं?" ती खरंच कोड्यात पडली. "तूच लिव्हलंस ना, कोयते किती."

मोबाईल काढून गावाची यादी उघडली. एक्केचाळीस घरं, एक्केचाळीस कार्डं. चाळीस बाप्ये आन एक केशरबाई. चाळीस बाया गावातनं गायब. बावन्न पानांच्या पुस्तकानं केलं नव्हतं ते माझ्या एका कागदानं केलं, ते बी एका बाजारात. आन मी कोण? नऊ हंगाम अर्धा कोयता म्हणून मोजली गेलेली बाई. मुकादमाच्या वहीत नऊ वर्षांत एकदा पण माझं नाव चढलं न्हाई, त्याचा मला राग हाय, अजून हाय. आन लिहायची पाळी आली तर मी मुकादमाचंच गणित उतरवून काढलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघत बसले, माझ्या डोळ्यातलं मुसळ कोण काढणार? मला रडू आलं. राग राग आला म्हणून रडू आलं.

धनश्रीला म्हणलं, "बोल आता काय बोलायचं ते. तुझ्या पुस्तकात 'व्यक्ती' होतं. मीच खोडलं."

"माझं कोणी चौथ्या चित्रापर्यंत वाचलंच नसतं," ती म्हणाली. "तुमचं कळलं, म्हणून तर चूक दिसली. चला, दुसरं लिहू. वाक्य बदलून पुन्हा तिलाच दाखवायचं."

त्या काटकुळ्या पोरीवर माझा पहिल्यांदा जीव जडला.

शहादेवला मात्र काही झालेलंच दिसत नव्हतं. "बाईचं येगळं कार्ड कशाला? कोयता तर एकच हाय," तो म्हणाला.

"मग ते अकरा टाके तुमच्या पोटरीत पडलेत का, भावजी? दावा बघू," मी म्हणलं. तो परत धार लावायला लागला.

मग आमी तिथंच बसून वाक्यं करायला लागलो. मी लिहिलं, 'घरातली किती जण जाणार?' मंजुळानं पाच टाकलं, दोन लेकरं आन लेकरं सांभाळायला सासू. 'राबणारे हात किती?' तिनं चार टाकलं. बरोबरच होतं, हात चारच होते. 'कामावर कोण कोण?' त्याला म्हणाली, "हेच की," आन परत नवऱ्याचं नाव. कामावर कोण विचारलं तर आमच्या बाया नवऱ्याचं नाव सांगतात आन सांगताना स्वतः भांडी घासत असतात. धनश्रीची वही भरत आली. मला सुपारी परत पाहिजे होती, ती शेळीनं खाल्ली होती.

तेवढ्यात केशरबाई आली, मंजुळाकडं कासरा मागायला. आमचं चाललेलं ऐकत उभी राहिली आन एकदम कावली.

"काय हात आन जण लावलंय? मोळ्या मोज की! उसाची मोळी काय मी अर्ध्या डोक्यावर घेते? मंजी घेती का नवऱ्याच्या डोक्यावर? ज्याच्या डोक्यावर मोळी त्याचं नाव लिव्ह, संपला इषय."

सकाळी मी हिला हसले होते. म्हणलं, "केशरबाई, मी चुकले."

"त्ये ठाऊक हाय," ती म्हणाली. "कासरा द्या."

नवा कागद असा झाला. उभी पट्टी, कॅलेंडरावाणी, वरून खाली आठ चित्रं. चौथ्यात मोबाईलचा फोटो काढून टाकला आन एक डोकं काढलं, त्याच्यावर मोळी. चित्र मी काढलंय, मोळी बरी जमली, डोकं भोपळ्यासारखं झालंय. खाली लिहिलं: 'मोळी वाहणारी डोकी किती? एक डोकं, एक नाव.' मंजुळाच्या हातात दिला. तिनं चौथ्या चित्राकडं बघितलं आन नकळत स्वतःच्या डोक्याला हात लावला. मग 'दोन' टाकलं. दोन पानं उघडली. दुसऱ्या पानावर तिनं एका बोटानं म, मं, मंजु असं करत नाव लिहिलं. फोटोच्या वेळी पदर सारखा केला आन विचारलं, "दात दिसू देऊ का?" आता गोळ्यांची चिठ्ठी तिच्या नावाखाली गेली. त्या सगळ्या वेळात मी एक शब्द बोलले न्हाई, सुपारीशिवाय.

शुक्रवार-शनिवार मी दारोदार फिरले. जुनी नोंद पुसा, नवा कागद घ्या. प्रत्येक दारात सांगितलं की चूक माझी होती, कारण खोटं बोलले असते तर केशरबाईनं गावभर केलं असतं. शनिवारी ट्रॅक्टर लागले, ट्रॉलीत बोचकी चढली, शेळ्या चढल्या, आन बाया ट्रॉलीत बसून स्वतःचे फोटो काढायल्या. चाळीसातल्या अडतीस झाल्या. दोघींची टोळी पहाटेच गेलती, त्यांचे फोन लागले न्हाईत. त्या दोघींची नावं मला अजून पाठ हायत.

मग दोन महिने मी काहीच करू शकत नव्हते. कोण कुठं हाय ते माझ्या यादीत नुस्तं दिसायचं. जानेवारीत मंजुळाच्या टोळीनं जागा बदलली, हे मला दुसऱ्याच कोणाकडनं कळलं. यादीत मात्र जुनीच जागा. पाच दिवस झाले, सहा झाले. तिच्या गोळ्या संपत आल्या असतील हे मला ठाऊक होतं. फोन हातात घ्यायची आन ठेवायची. धनश्रीनं बजावलं होतं, "तुम्ही सांगितलं तर कागद चालतो का ते कधीच कळणार नाही." मी म्हणलं होतं, आठवा दिवस उजाडला की तुझी तपासणी खड्ड्यात, मी फोन करणार.

सातव्या दिवशी दुपारी, मी एकाला रहिवासी दाखला देत असताना, यादी हलली. मंजुळा. नवी जागा. कार्ड चालू. त्याच्या खाली आणखी एक बाई, मग आणखी एक. एकाच मोबाईलवरनं अर्ध्या तासात अकरा बाया. सगळ्यात खाली केशरबाई, तिचा मोबाईल बहुतेक परत लाल झाला असणार. दाखलेवाला म्हणाला, "ताई, सही." मी म्हणलं, "थांब बे, मरत न्हाईस." मला इतका आनंद झालता की त्याच्या दाखल्यावर मी तारीख चुकवली.

मग संध्याकाळी परत यादी बघितली तर शहादेवचं नाव तसंच. त्याची जागा जुनीच, कार्ड बंद व्हायला एक दिवस राहिलेला. आता माझ्यानं राहवलं न्हाई, मी फोन लावला.

"काय गं आक्का?" मागं कोयत्यांचा आवाज.

"मंजे, अकरा बायांचं केलंस, नवऱ्याचं राहिलं की!"

"ऱ्हाऊ दी. कागद त्यांच्याच खिशात हाय. म्हणलं, वाचा, चित्रं हायत. एक डोकं, एक नाव."

"आन गोळ्या? गोळ्यांचं काय झालं?"

"मिळाल्या की, महिन्याच्या. खिडकीतला माणूस इचारत व्हता, नवऱ्याचं नाव सांगा बाई. म्हणलं, फिट मला येती. माझं लिवा."